चढ फोटोत का दिसत नाही? ठाणे-नवी मुंबईच्या टेकड्यांवर पायी फिरून छायाचित्रण करताना

प्रश्न : आम्ही सहा महिन्यांपूर्वी सीबीडी बेलापूरला राहायला आलो. रोज सकाळी पारसिक टेकडीचा रस्ता चढून जातो आणि मोबाइलवर फोटो काढतो. चढताना धाप लागते, पण फोटोत तोच रस्ता सपाट दिसतो. वरून दिसणारी खाडीही फिकट आणि धुरकट येते. यासाठी चांगला कॅमेरा घ्यावा का, कोणती लेन्स घ्यावी आणि ठाणे-नवी मुंबईच्या चढउतारांवर पायी फिरून फोटो काढायचे तर सुरुवात कशी करावी?

उत्तर : धाप लागते पण फोटोत रस्ता सपाट दिसतो, हे तुमचे निरीक्षण फार नेमके आहे. मी गेली बावीस वर्षे ठाण्यात आणि खाडीपलीकडे पायी फिरून छायाचित्रण करते आणि शिकवते. शिकायला येणाऱ्या बहुतेकांना हीच अडचण येते, फक्त ती इतक्या थोडक्यात कोणी सांगत नाही. कॅमेरा घेण्याची घाई करू नका. तुमची अडचण कॅमेऱ्याची नाही.

चढ आपल्याला डोळ्यांपेक्षा शरीराने जास्त कळतो. पोटऱ्या ताणल्या जातात, श्वास वाढतो, कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय मेंदूला सतत खबर देत असते. यातले काहीच कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय चढाच्या रस्त्यावर उभे राहिले की आपण नकळत मोबाइल वर उचलतो आणि त्याचा रोख रस्त्याच्या चढाला समांतर करतो. असे झाले की चौकटीत रस्ता सपाट रस्त्यासारखाच येतो, कारण कॅमेराही रस्त्याइतकाच तिरका झालेला असतो. म्हणून पहिली सवय ही लावून घ्या, की चढाकडे पाहताना कॅमेरा समतल धरायचा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये चौकटीवर रेषा दाखवणारी जाळी असते आणि बऱ्याच मोबाइलमध्ये पातळी दाखवणारी खूणही असते. ती दोन्ही सुरू ठेवा.

यामागचे कारण नीट समजून घेतले तर पुढचे बरेच काही आपोआप सुचते. सपाट रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे एकत्र आल्यासारख्या वाटतात, तो बिंदू आपल्या डोळ्यांच्या पातळीवर असतो. चढाच्या रस्त्याचा तोच बिंदू त्या पातळीच्या वर जातो आणि उताराच्या रस्त्याचा खाली येतो. आता त्या रस्त्याच्या कडेची इमारत पाहा. रस्ता कितीही चढो, इमारतीचे स्लॅब, खिडक्यांच्या ओळी, गॅलरीचे कठडे समतलच असतात, आणि त्यांच्या रेषा दूर जाताना डोळ्यांच्या पातळीवरच्या बिंदूकडे झुकतात. रस्ता एकीकडे चाललेला आणि इमारत दुसरीकडे, असे चौकटीत दिसले की पाहणाऱ्याला चढ कळतो. नुसता रस्ता, दोन्ही बाजूंना झाडे आणि वर आकाश एवढेच चौकटीत असेल, तर कितीही महागडी लेन्स लावा, चढ दिसणार नाही. झाडेही सरळ उभी असतात हे खरे, पण त्यांना पातळी नसते.

चढ दाखवायचा असेल तर त्याच्या शेजारी समतल काय आहे ते शोधा. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा हाच आहे आणि वस्तू जितकी साधी तितकी ती जास्त उपयोगी पडते. एका चढाच्या वळणावर चहाची एक टपरी आहे. तिथल्या बाकाचे खालच्या अंगाचे दोन पाय प्रत्येकी दोन विटांवर उभे आहेत, वरच्या अंगाचे दोन थेट डांबरावर टेकलेले आहेत, आणि एका विटेखाली फरशीचा तुकडा सरकवून राहिलेला फरक भरून काढलेला आहे. बाक मात्र इतका समतल, की त्यावर ठेवलेल्या काठोकाठ चहाचा थेंबही सांडत नाही. मी त्या बाकाचा फोटो गुडघ्यावर बसून, आडव्या बाजूने, कॅमेरा बाकाच्या उंचीवर ठेवून काढला. चौकटीत टेकडी कुठेच नाही. एक बाक, चार विटा, काचेच्या ग्लासातली चहाची आडवी रेषा आणि तिच्याखालून तिरका जाणारा डांबराचा पट्टा, एवढेच आहे. तरी तो फोटो पाहून आजवर कोणी विचारले नाही, की हे ठिकाण सपाटीवर आहे का. मागच्या चाकाखाली दगड लावलेली हातगाडी, एका टोकाला दोन पायऱ्या आणि दुसऱ्या टोकाला नऊ पायऱ्या असलेले सोसायटीचे जोते, वरच्या बाजूला बुटकी आणि खालच्या बाजूला पुरुषभर उंच होत गेलेली संरक्षक भिंत, ही सगळी त्याच जातीची उदाहरणे आहेत. संरक्षक भिंतीची वरची कड समतल आणि खालची रस्त्याबरोबर उतरत जाणारी असते, त्यामुळे पाचरीसारखा आकार मिळतो. पाणी निथळण्यासाठी ठेवलेल्या पाइपांच्या तोंडांखाली पावसाळ्यात शेवाळाचे हिरवे ओघळ धरतात, तेव्हा तीच भिंत आणखी बोलकी होते. मात्र मुसळधार पावसात किंवा तो थांबल्यावर लगेच अशा भिंतीखाली वा उघड्या कड्याखाली उभे राहू नका. दरड पूर्वसूचना देत नाही.

पायऱ्यांचे गणित थोडे वेगळे आहे. खालून वर पाहिले की प्रत्येक पायरीची उभी बाजू दिसते, आडव्या रेषा एकावर एक रचल्या जातात आणि उंची जाणवते. वरून खाली पाहिले की फक्त पाय ठेवायच्या जागा दिसतात, त्या एकमेकींत मिसळतात आणि जिना डांबरी उतारासारखा वाटू लागतो. त्यामुळे पायऱ्यांनी चढायचे आणि रस्त्याने उतरायचे, असा क्रम मी शक्यतो पाळते. चढताना पायऱ्या समोर असतात, उतरताना देखावा समोर असतो. ओल्या पायऱ्या उतरण्याचा त्रास आणि गुडघ्यांवरचा ताण वाचतो, हा वेगळा फायदा. वरून पायऱ्यांचा फोटो घ्यायचाच असेल, तर ऊन बाजूने आणि तिरपे असताना घ्या, म्हणजे प्रत्येक पायरीची सावली पुढच्या पायरीवर पडून त्या सुट्या दिसतील.

उतरताना आणखी एक गोष्ट साधते. सपाट शहरात उंच इमारत चौकटीत बसवायला कॅमेरा वर करावा लागतो आणि इमारत मागे कलल्यासारखी येते. टेकडीच्या रस्त्यावर मात्र पुढच्या वळणावर तुम्ही समोरच्या इमारतीच्या चौथ्या-पाचव्या मजल्याच्या पातळीवर येता आणि कॅमेरा समतल ठेवूनच ती उभीच्या उभी, सरळ मिळते. अशी वळणे हेरून ठेवा.

आता प्रकाश. ठाणे आणि नवी मुंबई या बाबतीत एकमेकांच्या नेमक्या उलट आहेत, आणि हे लक्षात न घेतल्याने अनेकांच्या सकाळी वाया जातात. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत आणि पूर्वेला खाडी. नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीपासून बेलापूरपर्यंत पारसिकची रांग पूर्वेला आणि खाडी पश्चिमेला. त्यामुळे ठाण्यात सकाळचे ऊन थेट येऊरच्या अंगावर येते. उपवन तलावाच्या पूर्वेकडच्या काठावर सूर्योदयानंतर थोड्या वेळाने उभे राहा, समोरचा डोंगर आणि त्याचे पाण्यातले प्रतिबिंब दोन्ही उजळलेली मिळतात. संध्याकाळी तोच डोंगर काळी सपाट आकृती होतो, आणि त्याच्या पायथ्याची वस्ती सूर्यास्ताच्या कितीतरी आधी सावलीत जाते. नवी मुंबईत सूर्य सकाळी डोंगरामागून येतो, म्हणून पायथ्याच्या गल्ल्यांत ऊन उशिरा पोहोचते आणि डोंगराचा चेहरा संध्याकाळीच उजळतो.

सूर्य डोंगराआड केव्हा जाईल याचा अंदाज हाताने काढता येतो. हात पूर्ण लांब करून मूठ धरली, तर तिची रुंदी साधारण १० अंश भरते. आपल्या १९ अंश अक्षांशावर मावळतीचा सूर्य तेवढे अंतर सुमारे ४० मिनिटांत उतरतो. सूर्य आणि डोंगराची कड यांच्यामध्ये अर्धी मूठ उरली असेल तर तुमच्या हातात वीस मिनिटे आहेत. उदाहरणार्थ, कड तुमच्यापेक्षा २०० मीटर उंच आणि दीड किलोमीटर दूर असेल, तर ती क्षितिजापासून साडेसात अंशांवर असते, म्हणजे पंचांगातल्या सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीच तुमचा सूर्य मावळतो. उगवतीच्या आणि मावळतीच्या मऊ सोनेरी उन्हाच्या ज्या वेळेला छायाचित्रकार गोल्डन अवर म्हणतात, ती आपल्याकडे तासाभराची नसतेच. सूर्य क्षितिजावर असण्यापासून सहा अंश वर असेपर्यंत जेमतेम २५ मिनिटे जातात. त्यामुळे जागा आधी पाहून ठेवावी लागते. ऊन पडल्यावर जागा शोधत चढणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

दुपार मात्र सरसकट टाकाऊ समजू नका, हे मी आग्रहाने सांगते. मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते, तेव्हा खरोखरच काही मिळत नाही. पण डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे जेमतेम ४७ अंशांवर असतो. उत्तरेकडे तोंड असलेला ३० अंशांचा उतार घेतला, तर त्याच्यावर ते ऊन फक्त १७ अंशांनी, म्हणजे जवळजवळ घासून पडते. प्रत्येक दगड, प्रत्येक पायवाट, वाळलेल्या गवताची प्रत्येक काडी उठून दिसते. सपाटीवर भर दुपारी असे ऊन मिळत नाही. टेकडीच्या कोणत्या अंगाला आपण उभे आहोत हे घड्याळाइतकेच महत्त्वाचे आहे.

तुमच्या फिकट खाडीचे कारणही इथेच आहे. तुम्ही सकाळी जाता, सूर्य पाठीशी असतो आणि समोर पश्चिमेच्या बाजूला खाडी. हिवाळ्यात आणि त्याच्या मागेपुढे सकाळी जमिनीलगतची थंड हवा खाली बसून राहते आणि धूर, धूळ, बाष्प तिच्यात अडकते. त्या थरावर समोरून ऊन पडले की तो सगळा पांढुरका उजळतो आणि मागचे रंग धुऊन टाकतो. झूम केल्याने तो वाढतो, कारण अधिक दूरचे पाहायचे म्हणजे अधिक धुरक्यातून पाहायचे. यावर दोन उपाय आहेत. एक, पावसाळ्यात मोठी सर येऊन गेल्यावर तासा-दोन तासांत वर जा. हवा धुतलेली असते आणि दूरवरच्या कडा चाकूने कापल्यासारख्या येतात. दुसरा उपाय म्हणजे धुरक्याशी भांडू नका, संध्याकाळी जा. सूर्य समोर असला की प्रत्येक पुढची रांग मागच्या रांगेपेक्षा गडद दिसते आणि तेच धुरके चित्रात खोली आणते. पारसिकच्याच रांगेवर असलेल्या मुंब्रादेवीच्या मंदिराच्या वाटेवरून संध्याकाळी पश्चिमेकडे पाहिले, की खाडी, ठाण्याच्या इमारती आणि त्यांच्यामागे येऊर असे तीन पडदे एकामागे एक उभे राहतात. १९१६ साली सुरू झालेला, साधारण १.३ किलोमीटर लांबीचा रेल्वेचा पारसिक बोगदा पारसिकच्या याच रांगेच्या पोटातून जातो. २०२२पर्यंत जलद लोकल या बोगद्यातून जात, आणि त्यांनी रोज जाणाऱ्यांना हा डोंगर दोन-एक मिनिटांच्या अंधाराइतकाच माहीत असे. त्यांच्यापैकी अनेकांना मी ती तीन पडद्यांची चित्रे दाखवली आहेत, आणि हे आपलेच ठाणे आहे यावर त्यांचा चटकन विश्वास बसत नाही.

लेन्सबद्दल विचारले आहे म्हणून सांगते. मोबाइलची मुख्य लेन्स बरीच रुंद असते. ती जवळचे मोठे आणि दूरचे लहान करते, त्यामुळे इमारतींमागचा डोंगर बसका होतो. तोच डोंगर डोक्यावर आल्यासारखा दाखवायचा असेल तर मागे जा. घणसोलीत किंवा कोपरखैरणेत डोंगराकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर इमारतींपासून शक्य तितके लांब जाऊन दुप्पट किंवा तिप्पट झूमची स्वतंत्र लेन्स वापरा. तुम्ही मागे सरकल्याने इमारती लहान होतात, डोंगर मुळातच दूर असल्याने तो तेवढाच राहतो, आणि दोघांचे खरे प्रमाण समोर येते. वरून खाली उतरत गेलेली छपरेही अशाच लांब लेन्सने एकावर एक रचली जातात. मोबाइलमध्ये अशी स्वतंत्र लेन्स असेल तर वर्षभर दुसरे काही घेऊ नका. पुढे कॅमेरा घेतलाच, तर थोडी रुंद ३५ मिलिमीटरची आणि दूरचे जवळ आणणारी ८५ मिलिमीटरची, अशा दोन हलक्या लेन्स चढावर पुरतात. जड झूम लेन्स पहिल्या महिन्यानंतर घरीच राहते.

काळ्या दगडाबद्दल एक सूचना. आपल्या टेकड्या बेसाल्टच्या आहेत आणि ओला बेसाल्ट जवळजवळ काळाच असतो. चौकटीत तोच जास्त असेल तर कॅमेरा त्याला राखाडी करू पाहतो आणि आकाश पांढरेफटक होते. अशा वेळी पडद्यावर आकाशाच्या कडेला बोट ठेवून उजेड थोडा कमी करा. काळा दगड काळाच राहू द्या.

शरीराकडे लक्ष द्या. चढून आल्याबरोबर छातीतली धडधड हातापर्यंत पोहोचते, म्हणून मिनिटभर थांबा, कोपर बरगड्यांना टेकवा, श्वास सोडता सोडता बटण दाबा. शटरचा वेग, म्हणजे फोटो टिपायला लागणारा वेळ, हाताने ठरवता येत असेल तर १/२५० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर वाफ धरते, तेव्हा कॅमेरा पिशवीत बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटे बाहेरच्या हवेत येऊ द्या. आणि डोळा कॅमेऱ्याला लावून एक पाऊलही मागे टाकू नका. एका ऑगस्टमध्ये चौकटीत जिना पूर्ण बसावा म्हणून मी दोन पावले मागे गेले, टाच शेवाळावर पडली आणि मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. तेव्हापासून आधी वळून मागची जमीन पाहते आणि मगच सरकते.

कुठे जाऊ नये हेही सांगायला हवे. खारघरच्या पांडवकडा धबधब्याखाली पावसाळ्यात जायला बंदी असते, आणि तिथे माणसे बुडाली आहेत म्हणूनच ती असते. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे आहेत, त्यामुळे संध्याकाळच्या प्रकाशासाठी रेंगाळायची ती जागा नव्हे. तिथे हवाई दलाचे ठाणेही आहे, त्या बाजूला कॅमेरा वळवूच नका. टेकड्यांच्या उतारांवर दाट वस्त्या आहेत, येऊरला आदिवासी पाडे आहेत. चढावरच्या घरांत रस्त्यावरून थेट आत दिसते, कधी छपरावरून अंगणात दिसते. जे दिसते ते सगळे टिपण्याचा हक्क आपल्याला नाही. "ताई, पायऱ्यांचा फोटो काढतोय, तुम्ही आलात तर चालेल का?" एवढे विचारले की बहुतेक वेळा हो म्हणतात, आणि नाही म्हटले तर नमस्कार करून पुढे जायचे.

सुरुवात पारसिक टेकडीच्या माथ्यावरून करू नका, पायथ्यावरून करा. तुमच्या बेलापूरमध्येच सेक्टर ८ला आर्टिस्ट व्हिलेज आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात डोंगराच्या पायथ्याशी ही वसाहत रचली. साधारण ८ मीटर लांब-रुंद अंगणाभोवती सात घरे, अशा तीन समूहांची २१ घरे एका मोठ्या चौकाभोवती, आणि मधून पावसाळ्यात डोंगराचे पाणी वाहून नेणारा ओढा, अशी तिची मांडणी आहे. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नव्हती, त्यामुळे ज्याने त्याने आपापले घर वाढवले आणि आज मूळ उतरती छपरे आणि नवे मजले शेजारी शेजारी दिसतात. अंगण समतल, गल्ली उतरती, मागे डोंगर. वर सांगितलेला सगळा अभ्यास तिथे दोनशे पावलांत करता येतो.

पहिले चार रविवार तिथे संध्याकाळी साडेचारला जा, डोंगराच्या अंगावर ऊन असते. प्रत्येक वेळी वीसच फोटो काढा, कॅमेरा समतल ठेवा, आणि प्रत्येक फोटोत एक तरी वस्तू अशी असू द्या जी उतारावर राहूनही समतल आहे. पाचव्या रविवारी रोजच्या रस्त्याने टेकडी चढा आणि ज्या वळणावर तुम्हाला पहिल्यांदा धाप लागते तिथेच थांबा. तिथला कठडा, फाटक, जोते, दुकानाची फळी काय आहे ते पाहा, आणि तिथला फोटो मला पाठवा.